बहिणीबद्दल टीव्हीवर बोललेली तीन वाक्यं

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल मी टीव्हीवर तीन वाक्यं बोलले. तिन्ही खरी होती. त्यानंतर आम्हा दोघींचं जे झालं ते अजून तसंच आहे, आणि लिहून ते सुधारेल अशी माझी समजूत नाही. पण अजूनही कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी मागून खांद्याला हात लावून विचारतं, "मॅडम, ती टीव्हीवाली तुमचीच बहीण ना? जिनं मावशीला काढलं ती?" मी हो म्हणते आणि खिडकीबाहेर बघत बसते. एकदा सगळं नीट सांगून टाकावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

आम्ही मूळच्या मराठवाड्यातल्या. वडील पुण्याजवळ भोसरीत टर्नर म्हणून आले, त्यांच्यामागून आई आली आणि आम्ही दोघी इथंच वाढलो. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि ती अठरा. वर्षाच्या आत वडिलांनी काम सोडलं, ते गावी काकांकडे जाऊन राहिले, आणि दिघीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. जगात माझं म्हणावं असं ते एकच माणूस होतं. आम्ही भांडायचो, अबोला धरायचो, पण जेवायचो एका ताटात. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ती दुसऱ्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. आठ तास उभं राहून रंगीत वायरी बोर्डावर ओढायच्या, त्यांना टेप गुंडाळायची आणि पुढच्या मुलीकडे सरकवायचं, हे तिचं काम.

ती बोलायची कमी. मी तापट, तोंडाळ, बोलून मोकळी होणारी. ती मात्र काय करायचं ते मनाशी ठरवायची आणि करून झाल्यावर सांगायची. त्या स्पर्धेसाठी तिनं अर्ज केला हेही मला तिची निवड झाल्यावर कळलं. "ताई, सत्तर दिवस मी घरी नसेन," असं तिनं भांडी घासता घासता सांगितलं. मी आधी चिडले, मग रडले, आणि मग तिची बॅग मीच भरली.

कार्यक्रम असा होता. डोंगरात कुठंतरी एक खोटं गाव उभारलेलं. बारा माणसं तिथं राहायची, पाणी भरायची, चुली पेटवायची, आणि रोज त्यांची कसली ना कसली शर्यत लागायची. दर आठवड्याला सगळ्यांनी पाटीवर एकेक नाव लिहायचं. ज्याचं नाव जास्त पाट्यांवर, तो घरी. चौघं उरले की पाट्या बंद, तिथून पुढं लोकांची मतं. म्हणजे आधी आतल्यांना सांभाळायचं आणि मग बाहेरच्यांना.

तिची खेळायची रीत मी पहिल्याच आठवड्यात ओळखली. शर्यत कुठलीही असो, ती दुसरी यायची, नाहीतर तिसरी. पहिली कधीच नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, बिचारीचं थोडक्यात हुकलं. मला हसू यायचं. लाइनवर काम केलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. जिचे हात सगळ्यांत झपाझप चालतात, तिच्याकडे बघून सुपरवायझर दुसऱ्या दिवशी अख्ख्या लाइनचं टार्गेट वाढवतो, आणि मग बाकीच्या मुली तिला जेवताना शेजारी बसू देत नाहीत. म्हणून नवी मुलगी आली की जुन्या तिला हळूच सांगतात, हात चालू दे पण पुढं पळू नकोस. माझी बहीण अकरा वर्षं त्या लाइनवर उभी होती. त्या खोट्या गावात एक पैलवान गडी होता, दर शर्यत जिंकायचा आणि दर आठवड्याला तीन-चार पाट्यांवर स्वतःचं नाव बघून चकित व्हायचा. त्याला तिची रीत कळायला सातवा आठवडा उजाडला.

दुसऱ्या आठवड्यात तिची मावशींशी जोडी जमली. मावशी कोकणातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. त्यांना सगळे मावशीच म्हणायचे, बघणारेसुद्धा. त्या बोलायच्या आणि माझी बहीण ऐकायची. पाणी भरायची पाळी मावशींची असली की हिचा हात आधीच हंड्याखाली गेलेला असायचा. आई गेल्यापासून तिला असं कुणाच्या मागं मागं फिरताना मी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं झोंबायचंही.

कंपनीत माझी बहुतेक दुपारची पाळी असायची. त्यामुळं आदल्या दिवशीचा भाग मी सकाळी अकराला बघायचे, खाली घरमालकीण काकूंच्या घरात. काकू दिघीतल्याच जुन्या घरातल्या. त्यांच्या दोन म्हशी अजून आमच्या जिन्याखाली बांधलेल्या असतात. भाजी निवडत निवडत त्या टीव्हीशी बोलायच्या, पैलवानाला शिव्या द्यायच्या, आणि माझी बहीण दिसली की म्हणायच्या, "लई वाळली गं पोर. खायला देत्यात का न्हाई?"

टीव्हीवर प्रत्येकावर एकेक शिक्का मारलेला होता. पैलवान रांगडा, मावशी मायाळू, एक मालिकांतली नटी होती ती नखरेल, आणि माझी बहीण साधी. तिला चुलीपाशी बसलेली दाखवायचे आणि मागं बासरी वाजायची. हे सात आठवडे चाललं. आठव्या आठवड्यात बासरी बंद झाली. बाराजणांत जे भांडकुदळ होते ते एकेक करून घरी गेले होते. उरलेल्यांत भांडण उकरून काढणारं कुणी नव्हतं, आणि कार्यक्रम तर पुढं न्यायचा होता. मग जी सगळ्यांत कमी बोलते तिच्यावर काम भागवलं. तीच ती गप्प बसलेली, तीच खाली मान, पण आता मागं कसलासा घुमणारा आवाज आणि वर निवेदकाचा प्रश्न, "हिच्या मनात नेमकं चाललंय तरी काय?" काय चालणार? भूक लागली असेल!

आमच्या स्टोअरमध्ये मालाच्या पेटीवर चिठ्ठी लावतात, पास झाला तर हिरवी, अडवून ठेवला तर पिवळी, बाद असला तर लाल. आतला माल तोच असतो, पण चिठ्ठी बदलली की त्याच्याकडे बघायची नजर बदलते. तिची चिठ्ठी बदलली होती. मला ते दिसत होतं आणि कळतही होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी जे केलं ते न कळण्यामुळं झालं असं कुणाला वाटू नये.

त्याच आठवड्यात कार्यक्रमाची माणसं आमच्याकडे आली. शेवट जवळ आला की ती खेळाडूंच्या घरच्यांचं बोलणं घेतात. जीन्समधली एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी, आणि बरोबर कॅमेऱ्याची दोन माणसं. मी अर्धी सुट्टी टाकली होती आणि मोरपंखी साडी नेसले होते. काकूंनी चहा पाठवला. त्या मुलीनं मला खिडकीपाशी बसवलं, पदर नीट करून दिला आणि म्हणाली, "ताई, आमचे प्रश्न नंतर कापले जातात. तेव्हा उत्तर पूर्ण वाक्यात द्या हं."

इथं मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. वर्षातून दोन-चारदा आमच्याकडे गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिटर, म्हणजे आमचं काम तपासणारा माणूस येतो. तो कुणालाही थांबवून काहीही विचारू शकतो. त्याच्यापुढं कसं बोलायचं हे आमच्या साहेबांनी मला पढवलं, आणि आता मी नव्या मुलींना पढवते. विचारलं तेवढंच सांगायचं. खोटं बोलायचं नाही, आणि खरंही गरजेपेक्षा जास्त बोलायचं नाही. उत्तर दिलं की तोंड बंद. ऑडिटर मुद्दाम थांबतो, तुमच्याकडे बघत राहतो. त्या शांततेला घाबरून "सर, ते असं झालं होतं की" अशी सुरुवात जो करतो, तो हमखास सापडतो. मी घरी कितीही तोंडाळ असले तरी त्या शांततेत उभी राहायला शिकले होते. साहेब चारचौघांत माझं उदाहरण द्यायचे. मला त्याचा गर्व होता.

मुलीनं विचारलं, "तुमची बहीण आधी ठरवून वागते का?"

मी म्हणाले, "ती आधी मनाशी ठरवते आणि मग करते."

"मनातलं कुणाला सांगते?"

"ती मनातलं कुणाला कळू देत नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मला तर तिनं एकदा दोन वर्षं अंधारात ठेवलं होतं."

ती मुलगी थांबली. माझ्याकडे बघत राहिली. कॅमेरा चालू होता. आणि मी हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, गप्प बसले.

ती दोन वर्षं कसली होती ते आता सांगते. आई गेली तेव्हा मला नुकताच डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. धाकटी अकरावी-बारावी करून कॉलेजात होती. वडील गावी गेल्यावर मी म्हणाले, मी शिक्षण सोडते. ती म्हणाली, सोडू नकोस, वडील गावाहून पाठवतायत. रोज सकाळी ती कॉलेजची बॅग घेऊन बाहेर पडायची आणि संध्याकाळी परत यायची. परीक्षेच्या दिवसांत माझ्यासमोर पुस्तकं उघडून बसायची. वडील काहीच पाठवत नव्हते. वडील गावी गेले त्याच महिन्यात तिनं कॉलेज सोडलं होतं आणि त्या बॅगेत तिच्या कंपनीचा ॲप्रन असायचा. मला हे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी कळलं, तेही तिच्या लाइनवरची एक मुलगी घरी आली म्हणून. मी चाकणला क्वालिटीत बसते ती तिच्या त्या दोन वर्षांवर बसते.

हे मला त्या खिडकीपाशी बसल्या बसल्या आठवत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. दोन मिनिटांत सांगून झालं असतं, आणि ती मुलगी काही दुष्ट नव्हती, तिनं ते ऐकलं असतं, कदाचित दाखवलंही असतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं. ती निघताना म्हणाली, "ताई, तुम्ही किती मोजकं बोलता हो!" मी खूश झाले. किती खूश झाले ते आठवलं की आज स्वतःचा राग येतो.

नवव्या आठवड्यात पाचजण उरले होते. मावशी, पैलवान, नटी, कॉलेजातला एक भाषणं करणारा मुलगा, आणि माझी बहीण. सकाळी अकराला मी काकूंकडे बसले होते. पाट्या उघडायला सुरुवात झाली. पैलवान आणि नटीनं मावशींचं नाव लिहिलं होतं. मावशींनी आणि त्या मुलानं पैलवानाचं. दोन-दोन झाले. पाचवी पाटी माझ्या बहिणीची. ती उभी राहिली, पाटी उलटी केली, आणि त्यावर तिच्या त्या गोल अक्षरात 'मावशी' लिहिलेलं होतं.

मावशी रडल्या. उठून तिच्याजवळ गेल्या, तिला मिठी मारली. सगळे रडले, पैलवानसुद्धा. हिचा चेहरा कोरडा ठणठणीत. डोळे कुठंतरी दूर लावलेले. तोच चेहरा बराच वेळ पडद्यावर ठेवला, आणि मग एकदम मी आले. मोरपंखी साडी, ताठ पाठ. ती आधी मनाशी ठरवते आणि मग करते. ती मनातलं कुणाला कळू देत नाही. मला तर तिनं एकदा दोन वर्षं अंधारात ठेवलं होतं. तिन्ही वाक्यं एकापाठोपाठ, आणि त्यानंतर परत तिचा कोरडा चेहरा.

माझी वाक्यं मला तेव्हा खटकलीच नाहीत. ते नंतर. त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच आलं. माझ्या मनात आलं, हिनं बरोबर खेळी केली. मावशी लोकांच्या लाडक्या. त्या लोकांच्या मतांपर्यंत पोचल्या असत्या तर त्याच जिंकल्या असत्या. म्हणून हिनं वेळेवर त्यांना वाटेतून दूर केलं. सात आठवडे हंडे उचलले ते त्यासाठीच. सगळं कसं चपखल बसत होतं. निवेदक जे म्हणत होता ते मी टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात त्याच्या आधीच म्हणून मोकळी झाले होते.

काकूंनी भाजीची परात बाजूला सारली. म्हणाल्या, "न्हाई गं. ही पोर आशी न्हाई. काय तरी आसंल."

मी म्हणाले, "काकू, दिसतंय ना समोर."

"दिसतंय त्येवढंच आसतं व्हय?" त्या चिडून म्हणाल्या आणि टीव्ही बंद केला. नात्याची ना गोत्याची, नुसती घरमालकीण होती ती. तिचा विश्वास होता.

कंपनीत त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. "तुमची बहीण लईच डोकेबाज निघाली राव," असं डिस्पॅचचे लोक हसत हसत म्हणायचे. एकीनं तर माझ्या ताटासमोर बसून सांगितलं, "मी मत दिलं असतं हो, पण आता नाही देणार. स्वतःची बहीणच असं म्हणतेय म्हटल्यावर." मी म्हणाले, "गेम आहे तो." एवढंच. भांडायला हवं होतं. इतर वेळी भाजीत मीठ कमी पडलं तर मी त्या कॅन्टीनवाल्याशी अर्धा तास भांडते.

पुढच्याच आठवड्यात लोकांच्या मतांवर ती बाहेर पडली, चौघांत सगळ्यांत कमी मतं. निरोपाच्या वेळी मोठ्या पडद्यावर तिला माझं बोलणं दाखवलं. ताई काय म्हणतायत पाहा, असं निवेदक म्हणाला. तिनं पूर्ण पाहिलं, मान हलवली आणि सगळ्यांना नमस्कार करून निघून गेली.

ती घरी आली त्या दिवशी काकू जिन्याच्या पायरीवर भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तिच्यावरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, कानशिलावर बोटं मोडली. "दृष्ट लागली माझ्या लेकीला," म्हणाल्या. ती हसली. ती किती वाळली होती ते मला तेव्हा दिसलं. मी पिठलं-भाकरी केली होती, तिच्या आवडीचा ठेचा केला होता. आम्ही नेहमीसारख्या एका ताटात बसलो. दोन घास झाले असतील नसतील, मी विचारलं, "मावशींचं नाव का लिहिलंस?"

"लिहावं लागलं."

"का लिहावं लागलं? कुणी सांगितलं होतं?"

"जाऊ दे ना ताई. गेममध्ये असतं."

कामावर एखादा पार्ट बाद निघाला की आम्ही कारण सापडेपर्यंत का, का, का विचारत जातो. मला तीच सवय. मी म्हणाले, "पण का? त्या तुझ्यावर आईसारखी माया करत होत्या. जिंकायला एवढं करायचं?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावेल, माझ्या तीन वाक्यांचा हिशेब मागेल, आणि मी रडून माफी मागेन आणि सगळं मोकळं होईल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "तू छान दिसत होतीस टीव्हीवर. मोरपंखी रंग तुला शोभतो." मग तिनं जेवण पूर्ण केलं, एक घाससुद्धा टाकला नाही, आणि ताट घासून पालथं घातलं.

जुन्या कंपनीत ती परत गेली नाही. "सगळ्या बघत राहतात," एवढंच म्हणाली. दोन महिन्यांत तिला पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, माणला एका आयटी कंपनीच्या इमारतीत फ्रंट डेस्कवर काम मिळालं आणि ती मारुंजीत दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायला गेली. दिघीहून रोज जाणं-येणं जमणार नाही हे कारण खरंच होतं. तशी जाणारी माणसं आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत, हेही खरं होतं. मी तिला अडवलं नाही. मी लोकांना सांगायचे, टीव्हीवाल्यांनी आमचं घर मोडलं. तेव्हा मला तसंच वाटायचं. त्या गोड बोलणाऱ्या मुलीला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या असतील की तिला उचक्यांनी झोप लागली नसेल.

आणखी सहा-सात महिने गेले असतील. एका शनिवारी दुपारी दारात मावशी उभ्या राहिल्या. हातात काठी, बरोबर भाचा. गुडघा दाखवायला पुण्यात आल्या होत्या. त्यांच्याकडे दिघीचाच पत्ता होता. त्यांनी पिशवीतून आमसुलं आणि कुळथाचं पीठ काढून माझ्या हातात दिलं, घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "ती खंय गेली? कामाला?"

मी म्हणाले, ती आता इथं राहत नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. खुर्चीवर बसून पाय लांब केला आणि आपणहून बोलायला लागल्या.

"बाय, त्या पोरीनं माझी लाज राखली गो. आठव्या आठवड्यात माझा गुडघा नारळाएवढा सुजला होता. बसलं तर उठवत नव्हतं. घरी जायचं होतं मला. पण आपणहून सोडून गेले असते तर पळून आली म्हणाले असते. मी निघाले तेव्हा वाडीतली माणसं हसली होती, ही म्हातारी चार दिवसांत परत येते म्हणून. नाव लिहून काढलं तर मान राहतो. मग तिलाच म्हटलं, तू माझं नाव लिही."

मी विचारलं, "कधी म्हणालात?"

"न्हाणीत. आंघोळीला जाताना ते माइक काढून ठेवायला लागतात ना, तेव्हा. ती तयारच होईना. दोन दिवस नाही म्हणाली. न्हाणीत बसून रडायची, तोंड धुऊन बाहेर यायची. मग मी माझी शपथ घातली. लिहायचं, आणि कुणाला सांगायचं नाही." मावशींनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मागनं लोकांनी तिला काय काय म्हटलं ते ऐकून मला घास जाईना. फोन केला तर म्हणाली, मावशी, तुम्ही काही बोलू नका, तुमचं नाव चांगलं राहू दे. तुला तर सांगितलं असेलच तिनं."

मी त्यांना चहा दिला, हाताला धरून जिना उतरवला, रिक्षात बसवलं. मग वर येऊन आमसुलांची पुडी हातात घेऊन तशीच बसून राहिले. म्हणजे कार्यक्रमवाल्यांनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना जे दिसलं ते त्यांनी दाखवलं, आणि त्यांनी तिला ओळखावं अशी अपेक्षा तरी कशी करायची? चार दिवसांची ओळख. ती दुसऱ्यासाठी काय करते आणि कसं गप्प राहून करते हे जगात एकाच माणसाला अनुभवानं माहीत होतं, आणि ते माणूस मी होते. त्या दिवसापासून माझ्या शिव्यांना जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच मारुंजीला गेले. तिच्या खोलीत गाद्यांच्या वळकट्या, खिडकीत कपडे, बाहेर नव्या इमारतीचं काम चाललेलं. तिच्याबरोबरच्या मुली बाहेर गेल्या होत्या. मला बघून ती चकित झाली, मग चहा ठेवला.

मी म्हणाले, "मावशी येऊन गेल्या."

तिनं गॅस बारीक केला. "बऱ्या आहेत का?"

"गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात. त्यांनी सगळं सांगितलं मला."

तिनं चहा गाळला, माझ्यासमोर ठेवला. मग मी रडायला लागले. म्हणाले, मी टीव्हीवर ते कॉलेजचं सांगायला हवं होतं, अर्धवट बोलले, माझी अक्कल गहाण पडली होती, मला माफ कर.

"अगं, ते कधीच विसरले मी," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, समजुतीचा होता, लहान मुलाला सांगावं तसा. "तू कॅमेऱ्यासमोर आखडून बसली होतीस ते मला बघताक्षणी कळलं. त्याचा राग नव्हता आला. मी तर वाट बघत होते, घरी जाऊन तुझी नक्कल करीन म्हणून."

"मग?"

"मग तू विचारलंस." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "अख्खं जग विचारत होतं, का लिहिलंस. मला वाटलं, एक तू विचारणार नाहीस. गाडीत पूर्ण रस्ताभर तेच मनात होतं. घरी गेलं की कुणी काही विचारणार नाही."

बाहेर काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, त्याचा आवाज खोलीत भरला होता. तो थांबेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "ताई, मावशी आल्या नसत्या तर तू आज आली असतीस?"

मी खूप विचार केला. खोटं बोलायची इच्छा झाली, खरंच झाली. तिनं ते मान्यही केलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. वाटेत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी केली, काकूंच्या म्हशींची केली. बस आली तेव्हा म्हणाली, "पोचलीस की मेसेज कर."

तेव्हापासून ती माझ्याशी फार चांगली वागते. दिवाळीला येते, साडी आणते, मी आजारी पडले तर डबा घेऊन येते आणि कामाला वेळेवर परत जाते. पूर्वी ती माझ्यावर रुसायची, अबोला धरायची, तीन-तीन दिवस पाठ फिरवून झोपायची. आता मी काहीही बोलले तरी रुसत नाही. वेगळ्या ताटात वाढून घेते. माझी बहीण तासाभराच्या अंतरावर सुखरूप राहते, आणि ती मला परत मिळणार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.